बाजूला उभं राहण्याची मुभा

आमच्या मुलाखतीच्या तक्त्यात शेवटी एक रकाना असायचा : 'टीममध्ये मिसळेल का?' दहापैकी गुण द्यायचे. बाकीचे रकाने सरळ होते. ड्रॉइंग वाचता येतं का, व्हर्निअर-मायक्रोमीटर हाताळलाय का, आधीची नोकरी का सोडली. हा शेवटचा मात्र ज्यानं त्यानं आपल्या मनानं भरायचा. कशावरून भरला, असं कुणी कुणाला विचारत नसे.

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मी एचआरला होते तेव्हाची गोष्ट. मेकॅनिकलचा डिप्लोमा केलेला मालेगावचा एक मुलगा समोर बसला होता. ड्रॉइंगवरचे टॉलरन्स त्यानं न अडखळता सांगितले. मग प्रॉडक्शनच्या साहेबांनी खुर्चीत मागे रेलून विचारलं, "मालेगाव का? काय म्हणतंय वातावरण तिकडचं?" मुलगा म्हणाला, "लाइटीचा प्रॉब्लेम आहे सर, माग बंद पडतात सारखे." साहेब कशाबद्दल विचारतायत हे टेबलाच्या अलीकडच्या आम्हा तिघांना कळलं होतं. पलीकडच्यालाही कळलं असणार, म्हणूनच तो यंत्रमागांवर बोलला. त्याच दुपारी निफाडचा एक जण येऊन गेला, चांदवडचा एक. त्यांच्या गावचं वातावरण कुणी विचारलं नाही. मालेगावच्या नावापुढे मी पाच लिहिले, निफाडच्या नावापुढे आठ. जागा निफाडला गेली. तो मुलगाही कामाला चांगला निघाला, त्याबद्दल तक्रार नाही. पण ते तीन गुण कुठून आले, याचं उत्तर माझ्यापाशी नव्हतं आणि मला कुणी मागितलंही नाही.

मालेगावचं 'वातावरण' हा शब्द आपल्या जिल्ह्यात किती सहज निघतो. ८ सप्टेंबर २००६ रोजी शब-ए-बारातच्या दिवशी तिथल्या मशीद-कबरस्तानाच्या आवारात स्फोट झाले, मेले ते बहुतेक मुसलमानच. पकडले गेलेले नऊ जणही मुसलमान. त्यांना काही वर्षं तुरुंगात काढावी लागली आणि २०१६ मध्ये कोर्टानं आरोपांतून मुक्त केलं. अटक झाली तेव्हा आमच्या कॅन्टीनमध्ये आठवडाभर दुसरा विषय नव्हता. सुटका झाली त्या दिवशी कॅन्टीनमध्ये आयपीएल चालू होतं.

मी काही द्वेष करणारी बाई नव्हे. विचारून पाहा, तसं कुणीच नसतं. म्हणूनच 'इस्लामोफोबिया', म्हणजे मुसलमानांबद्दलची भीती किंवा द्वेष, हा शब्द नाशिकमध्ये उच्चारला की समोरचा हात झटकतो : ते तिकडं युरोप-अमेरिकेत, आपल्याकडे कुठे. ब्रिटनमधल्या रनिमीड ट्रस्टच्या १९९७ च्या अहवालानंतर हा शब्द रुळला. २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी १५ मार्च हा त्याविरोधातला दिवस म्हणून जाहीर केला, कारण २०१९ साली त्याच तारखेला न्यूझीलंडच्या ख्राइस्टचर्चमध्ये मशिदींत ५१ माणसं मारली गेली होती. एकाच धर्माचं नाव कशाला, हिंदू, बौद्ध, शीख यांच्याबद्दलही द्वेष असतोच की, असं भारतानं त्या वेळी म्हटलं. मुद्दा खोटा नाही. माझं भांडण वेगळं आहे. फोबिया म्हणजे भीती, आणि सातपूर-अंबडच्या वीस-बावीस वर्षांत भीती मला फारशी दिसली नाही. दिसला तो अंदाज. नाव ऐकून बांधलेला, कधी न तपासलेला अंदाज. माझ्या पाच गुणांत भीती नव्हती, कंटाळा होता. नको ती कटकट, पुढे कुणी काही बोललं तर निस्तरायचं कुणी, एवढाच हिशेब.

असे हिशेब एकत्र केले तर काय दिसतं, ते मोजून झालेलं आहे. मूळचे अमरावती जिल्ह्यातले अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि त्यांचे सहकारी पॉल अटवेल यांनी खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना ४,८०८ अर्ज पाठवले. शिक्षण सारखं, फक्त नावं वेगळी. २००७ मध्ये निष्कर्ष छापून आले. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला बोलावणं येण्याची शक्यता सुमारे दोन तृतीयांश, मुस्लिम नावाला एक तृतीयांश. २०२२ मध्ये लेड बाय फाउंडेशननं मुलींच्या बाबतीत तसाच प्रयोग केला. हबीबा अली आणि प्रियांका शर्मा, दोन्ही कल्पित मुली, बायोडाटा एकसारखा, प्रत्येकीचे हजार अर्ज. प्रियांकाला २०८ ठिकाणांहून उत्तर आलं, हबीबाला १०३. त्या उरलेल्या शंभरेक ठिकाणी माझ्यासारखीच कुणी तरी बसलेली असेल. चहा पीत, पुढचा अर्ज उघडत.

कारखाना सोडल्यावर मी काही कॉलेजांत एमबीएच्या मुलांना शिकवायला जाऊ लागले. वाटलं होतं, इथे चित्र वेगळं असेल. नवी पिढी, एकाच कट्ट्यावर वडापाव. चित्र वेगळं होतंही, पण फोन उघडेपर्यंतच.

२२ एप्रिल २०२५ ला पहलगाममध्ये २६ माणसं मारली गेली, त्यांत सहा जण महाराष्ट्रातले. धर्म विचारून गोळ्या घातल्याचं ऐकून सगळ्यांप्रमाणे मीही सुन्न झाले होते. पर्यटकांना वाचवायला गेलेला तिथला एक मुसलमान घोडेवालाही त्या २६ मध्ये होता, ही बातमी मागून आली. एका वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्या रात्री जे सुरू झालं ते मी नंतर एका विद्यार्थ्याच्या फोनवर वाचलं. आधी मेणबत्त्या, मग संताप, मग व्हिडिओ, मग 'यांना' आणि 'त्यांना'. मग वर्गातल्या एका मुस्लिम मुलीला नाव घेऊन प्रश्न : तू काही बोलली नाहीस अजून? तिनं लिहिलं, "मलाही तुमच्याइतकंच वाईट वाटतंय." त्यावर एकानं हसरा इमोजी टाकला. सकाळी पावणेसातला ग्रुपवर एक ओळ आली, ती 'लेफ्ट' झाल्याची.

इथवरची गोष्ट कुणीही सांगेल. खरी गोष्ट पुढची आहे. त्याच ग्रुपवर प्लेसमेंट सेलच्या सूचना यायच्या. अधिकृत ईमेल होता, पण तो कुणी बघत नसे, त्यामुळे सरही ग्रुपवरच टाकत. मे महिन्यात पुण्याच्या एका कंपनीचा ड्राइव्ह झाला. नाव नोंदवायची मुदत दोन दिवसांची होती, आणि त्या मुलीला ती संपल्यावर कळलं. तिला कुणी मुद्दाम वगळलं का? नाही. सर म्हणाले, "तीच ग्रुपमधून गेली." तांत्रिकदृष्ट्या बरोबर.

उच्च शिक्षणाच्या केंद्र सरकारी पाहणीत २०१९-२० साली देशभरात सुमारे २१ लाख मुस्लिम विद्यार्थी होते. २०२०-२१ ला १९ लाख २१ हजार झाले, एकूण विद्यार्थ्यांच्या ४.६ टक्के. २०११ च्या जनगणनेत त्यांचं लोकसंख्येतलं प्रमाण १४.२ टक्के होतं. या घसरणीला गरिबी आहे, कोरोना आहे, घरातला 'मुलीला किती शिकवायचं' हा प्रश्नही आहे. सगळं खापर भेदभावावर फोडणं खोटेपणा ठरेल. पण ज्या एकीनं इथवर मजल मारली, ती शेवटच्या पायरीवर असल्या फालतू कारणानं अडावी?

आता यावर कॉलेजं काय करतात? इफ्तार करतात. खरंच, रमजानमध्ये नाशिकमधल्या अनेक संस्थांचे फोटो बघा : खजुराच्या ताटाभोवती प्राचार्य, डोक्याला रुमाल बांधलेले ट्रस्टी, मागे 'सर्वधर्मसमभाव' असा बॅनर. माझा शीरखुर्म्यावर राग नाही, जुन्या नाशकात एका मैत्रिणीकडे दर ईदला मी दोन वाट्या संपवते. पण आपुलकी ही देणाऱ्याच्या मर्जीवर असते. आज आहे, उद्या कुठल्याशा बातमीनंतर नसेल. आणि ती ज्याला मिळते त्याला सतत तिच्या लायक राहावं लागतं. "तू त्यांच्यातला वाटत नाहीस रे," हे वाक्य मी शाबासकीच्या सुरात किती वेळा ऐकलंय. ज्याला म्हणतात तो हसतो. दुसरं काय करणार?

याच कारणानं शेख महंमदांपासूनची मराठी मुस्लिम संतांची ती नेहमीची यादीही मी इथे देणार नाही. नाशिकचं मोगलाईतलं नाव गुलशनाबाद होतं, हेही सांगून काही साधत नाही. डिप्लोमा झालेल्या पोराला नोकरीच्या मुलाखतीत संतांचा जामीन का लागावा?

मला उत्तर सापडलं ते भलत्याच ठिकाणी. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाचा कायदा २०१३ मध्ये आला आणि दहा किंवा अधिक माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती नेमणं बंधनकारक झालं. आमच्या समितीत मी होते. तेव्हाही सगळे म्हणाले, "आपल्याकडे असलं काही नाही, आपण फॅमिलीसारखे आहोत." (हे 'फॅमिलीसारखे' ऐकलं की मी आजही सावध होते. घरात बाईला किती बोलता येतं ते ठाऊक आहे.) कायद्याप्रमाणे बोर्ड लावला, कॅन्टीनच्या हात धुवायच्या नळाशेजारी. समितीवरच्यांची नावं, फोन, शिक्षा काय. पहिल्या वर्षात एकही तक्रार आली नाही, पण स्टोअरमधले विनोद थांबले. कुणाचं हृदयपरिवर्तन झालं नव्हतं. बोर्ड वाचला होता, इतकंच. काही वर्षांनी नवी आलेली मुलं ते विनोद करायचे असतात हेच विसरली.

धर्मावरून होणाऱ्या त्रासासाठी असा बोर्ड कुठे आहे? सरकारी नोकरीत संविधानाचं १६ वं कलम आहे. खासगी कंपनीनं नाव बघून अर्ज बाजूला ठेवला, तर त्याविरुद्ध दाद मागावी असा सर्वसाधारण कायदा आपल्याकडे नाही. देशातल्या मुसलमानांच्या स्थितीची पाहणी करणाऱ्या सच्चर समितीनं २००६ च्या अहवालात समान संधी आयोग सुचवला, त्यावर माधव मेनन यांच्या तज्ज्ञगटानं मसुदाही केला, पुढे तो फायलीत राहिला. आमच्या पिढीच्या एचआरवाल्यांना पाठ असलेला महाराष्ट्राचा १९७१ चा अनुचित श्रम प्रथांविषयीचा कायदा गुणवत्ता न पाहता एका गटाला झुकतं माप देणं ही अनुचित प्रथा मानतो, पण ते आधीच कामावर असलेल्या कामगारांसाठी. गेटच्या बाहेर उभ्या असलेल्याला त्याचा काय उपयोग?

कॉलेजांची गंमत उलटी आहे, तिथे नियम आहेत आणि कुणी वाचलेले नाहीत. यूजीसीच्या २०१२ च्या समताविषयक नियमांत धर्मावरून भेदभाव करायचा नाही असं स्पष्ट आहे आणि त्यासाठी भेदभावविरोधी अधिकारी नेमायला सांगितलंय. रॅगिंगविरोधी नियमांत तर २०१६ च्या दुरुस्तीनं धर्म, जात, प्रदेश, भाषा अशा कारणांवरून एखाद्याला त्रास देणं, वाळीत टाकल्यासारखं वगळणं हेसुद्धा रॅगिंग ठरवलं. दरवर्षी विद्यार्थी आणि पालक रॅगिंग करणार नाही असं ऑनलाइन हमीपत्र भरतात. त्या ग्रुपवरच्या हसऱ्या इमोजीवाल्यानंही भरलं होतं. मी वर्गात विचारलं, आपल्या कॉलेजचा भेदभावविरोधी अधिकारी कोण? मुलं माझ्याकडे बघत राहिली. स्टाफरूममध्ये विचारलं, तिथेही तेच.

विरोधातले मुद्दे मला तोंडपाठ आहेत, कारण त्यातले निम्मे मी स्वतः मांडलेले आहेत. पहिला : मग धर्मावर बोलायचंच नाही का? बोलायचं, जरूर बोलायचं. हमीद दलवाईंनी १९६६ मध्ये सात मुस्लिम बायकांना घेऊन तोंडी तलाकविरुद्ध मुंबईत मोर्चा काढला, १९७० मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं. मराठीत इस्लामची चिकित्सा त्यांच्याइतक्या रोखठोकपणे फार थोड्यांनी केली असेल. बुरख्याबद्दल, मुलींच्या लवकरच्या लग्नाबद्दल माझी मतं मी माझ्या मुस्लिम विद्यार्थिनींपासून लपवत नाही, त्याही वाद घालतात. पण ऑफिसातल्या वादात दलवाईंचं नाव घेणाऱ्या किती जणांनी हमीद नावाच्या भाडेकरूला गंगापूर रोडचा आपला फ्लॅट दाखवला असता? धर्माची चिकित्सा आणि पाच गुण, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दुसरा मुद्दा लांगूलचालनाचा. शुक्रवारी अर्धा तास सोडा म्हटलं की हा शब्द येतोच. २०१५ च्या सिंहस्थात पर्वणीच्या दिवसांत रस्ते बंद होते. आम्ही शिफ्टच्या वेळा बदलल्या, बस लांबून फिरवल्या, त्र्यंबकहून येणाऱ्यांना उशिराचा शेरा मारला नाही. त्याला आम्ही नियोजन म्हटलं, आणि ते नियोजनच होतं. आता पुढच्या सिंहस्थासाठीही तेच करावं लागेल, करायलाच हवं. नवरात्रात नऊ दिवस नऊ रंगांच्या साड्यांचे फोटो जिन्यात काढताना दहा मिनिटं जातात, तीही कुणी मोजत नाही. मग जेवणाची सुट्टी शुक्रवारपुरती दीडला घेऊन त्या माणसानं तेवढा वेळ नंतर भरून दिला, तर उत्पादन कुठे बुडतं? आमच्याकडे एका लाइनवर हे तोंडी चालायचं. सुपरवायझर बदलला आणि बंद झालं. लेखी असतं तर नव्या सुपरवायझरला ते बंद करण्यासाठी कारण द्यावं लागलं असतं.

तिसरा मुद्दा मात्र मला अवघड वाटतो : कामाच्या ठिकाणी धर्म आणूच नये, सगळ्यांना एकच नियम. ऐकायला हे फार छान आहे. चेंबूरच्या एका कॉलेजनं हिजाब, टोपी, बॅज यांवर बंदी घालताना हेच म्हटलं होतं. मुंबई उच्च न्यायालयानं जून २०२४ मध्ये त्यात हस्तक्षेप केला नाही. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानं बंदीच्या काही भागाला स्थगिती दिली आणि विचारलं, टिळा-टिकलीवरही बंदी घालणार का? धर्म तर नावावरूनही कळतो, मग मुलींना नंबर देणार का? गणवेशाच्या बाजूनं माझ्याही मनात बरंच काही आहे, शॉपफ्लोअरवर मशीनजवळ सैल कपडा मी कुणालाच घालू देणार नाही, ओढणी असो की बुरखा. पण ते सुरक्षेचं कारण झालं. ज्या कारखान्याच्या गेटवर गणपतीचं देऊळ आहे आणि केबिनमध्ये साईबाबा, तिथे 'धर्म घरी ठेवा' हे वाक्य एकालाच उद्देशून असतं. देवळाला माझी हरकत नाही. मीही रोज आत जाताना हात जोडायचे.

मुलाखतीचा तो रकाना आम्ही पुढे काढला. सहज नाही निघाला. प्रॉडक्शनवाले म्हणाले, मग माणूस पारखायचा कसा? त्याऐवजी तीन ठरलेले प्रश्न आले, सगळ्यांना तेच, आणि गुणांपुढे एक ओळ कारण लिहायचं. कारण लिहायचं म्हटल्यावर हात थबकतो. गाव, आडनाव, 'वातावरण' कागदावर लिहिता येत नाही. प्लेसमेंटच्या सूचना फक्त अधिकृत मेलवर आणि नोटीस बोर्डावर, हे मी ज्या कॉलेजात जाते तिथे सध्या भांडून करून घेतलंय, अजून अर्धंच पाळलं जातं. २०१७ च्या दुकाने-आस्थापना कायद्यात आठ भरपगारी सुट्ट्यांपैकी चार सण मालक-कामगारांनी मिळून ठरवायचे असतात. त्या बैठकीत रमजान ईद सुचवायला कुणी तरी तोंड उघडावं लागतं, आणि ज्याची ती ईद आहे त्यालाच ते उघडायला लावू नये. असल्या गोष्टींचा कुणी फोटो काढत नाही.

खंडेनवमीचं सांगायचं राहिलं. आमच्याकडे त्या दिवशी मशीनची पूजा असायची. टर्निंगला एक शेखभाई होते, वडाळ्याहून सायकलवर यायचे, पुढे मोपेडवर. पंधरा वर्षं तेच लेथ. खंडेनवमीच्या आदल्या संध्याकाळी ते कॉटन वेस्ट घेऊन मशीन असं पुसायचे की तेलाचा डाग राहायचा नाही. सकाळी झेंडूची माळ स्वतः बांधायचे, नारळ आणून सुपरवायझरच्या हातात द्यायचे. आरती सुरू झाली की टूल क्रिबच्या दाराशी जाऊन उभे राहायचे, हात पाठीमागे. आरती संपली की पेढा घ्यायला सगळ्यांत पुढे. ते तिकडे का उभे राहतात हे कुणी विचारत नव्हतं, त्यांनाही सांगावं लागत नव्हतं. कुठल्या पॉलिसीत ते लिहिलेलं नव्हतं, पण सामावून घेणं म्हणजे काय हे मी तिथे पाहिलं.

मग एक नवे मॅनेजर आले. टीम स्पिरिटवाले. त्या वर्षी कंपनीच्या पेजसाठी व्हिडिओ काढायचा होता. "सगळे आत या, सगळ्यांनी टिळा लावायचा, घोषणा द्यायच्या." शेखभाईंना हाताला धरून आत आणलं, प्रेमानंच. ते उभे राहिले. टिळा लावून घेतला. व्हिडिओत ते दिसतात, दुसऱ्या ओळीत, कॅमेऱ्याकडे न बघता. मी तिथेच होते, हातात पेढ्यांचा बॉक्स घेऊन, आणि काही बोलले नाही.

तक्रार आली नाही. दोन वर्षांनी मस्टर चाळताना लक्षात आलं, खंडेनवमीला शेखभाईंची रजा, दोन्ही वर्षी. तोवर मॅनेजरची बदली झाली होती. मी त्यांना गाठून म्हटलं, "शेखभाई, यंदा या ना. आता कुणी काही म्हणणार नाही." ते मायक्रोमीटर डबीत ठेवत होते.

"रजा शिल्लक आहे मॅडम," म्हणाले. "माळ सांगून ठेवलीये पोराला. बांधेल तो."